सिस्टिम्स बायोलॉजीचा छोटा प्राथमिक कोर्स करावा का? (गणित दहावीनंतर सोडलेलं आहे)

पेट्रीडिश

नमस्कार मंडळी,

मी एका तालुक्याच्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. यंदा एमएस्सीच्या नव्या अभ्यासक्रमात 'सिस्टिम्स बायोलॉजी' (पेशीतले घटक सुटे नव्हे, एकत्र कसे वागतात ते आकड्यांत मांडणं) नावाचं दोन क्रेडिटचं प्रकरण आलं. हे कोण घेणार असं विभागाच्या बैठकीत विचारल्यावर सगळे एकदम मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. माझा मोबाइल नेमका चार्जिंगला होता. त्यामुळे आता ते माझ्याकडे आहे.

अभ्यासक्रमाच्या कागदावर एवढंच आहे: नेटवर्क्स, फीडबॅक, मॉडेलिंग, रोबस्टनेस, ओमिक्स. तासिका तीस. संदर्भ म्हणून दिलेली पुस्तकं आमच्या ग्रंथालयात नाहीत. एक चाळायला मिळालं, तर तिसऱ्या पानावर डिफरन्शियल इक्वेशन आलं आणि मी ते मिटवलं.

माझी अडचण अशी की अकरावीला पीसीबी घेतलं तेव्हाच गणिताशी काडीमोड झाला. पुढे बायोस्टॅटिस्टिक्समध्ये टी-टेस्ट, काय-स्क्वेअर केले, तेही ठरावीक साच्यात आकडे भरून. लॅक ओपेरॉन (जीवाणूतला लॅक्टोज पचवणारा जीनसमूह) मात्र मी झोपेतही शिकवू शकते.

कुणी एखाद्या विद्यापीठाचा छोटा, सुरुवातीचा कोर्स केलाय का? ऑनलाइनच हवा, कारण घरी दहावीचा उमेदवार आहे. मला झेपेल का? आणि मुख्य म्हणजे, मला जे आधीच येतं त्यात त्याने नेमकी काय भर पडते? नुसती नवी नावं शिकायची असतील तर सरळ सांगा, पीपीटी जमवून वेळ मारून नेते.

---

उंटावरचा

सरळ सांगतो, पीपीटी जमवा.

मी बायोकेमिस्ट्री शिकवून निवृत्त झालो. आधी बायोइन्फॉर्मॅटिक्स आलं, मग नॅनो, मग सिस्टिम्स, आता एआय. मायकेलिस आणि मेंटेन यांचं एन्झाइमच्या वेगाचं समीकरण १९१३ सालचं. हिलचं त्याच्याही आधीचं, १९१० चं, हिमोग्लोबिनवरून काढलेलं. आम्ही ते खडूने फळ्यावर शिकवत होतो, तेव्हा त्याला सिस्टिम्स वगैरे कुणी म्हणत नव्हतं. आता तेच रंगीत गोळे आणि बाण काढून विकतात.

---

सेटपॉइंट

काका, मायकेलिस-मेंटेनपुरतं तुम्हाला +१. बाकी भांडू.

पेट्रीडिशताई, मी तुमच्या बरोबर उलट्या टोकाचा. इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत कंट्रोल लूप सांभाळतो. बायोलॉजी माझी दहावीनंतर सुटली. फर्मेंटरमध्ये यीस्ट असतं एवढं ठाऊक होतं, ते आत काय करतं ही केमिस्टसाहेबांची डोकेदुखी. गाळप संपलं की आमच्या कॉलनीत संध्याकाळी करायला काही नसतं. अशा एका ऑफ सीझनला आयआयटी मद्रासचा 'कॉम्प्युटेशनल सिस्टिम्स बायोलॉजी' हा कोर्स एनपीटेलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ) घेतला. सोबतीला एमआयटीचे २०१४ सालचे वर्गातले व्हिडिओ पाहिले, ते ओपनकोर्सवेअरवर फुकट आहेत.

तुम्ही विचारलंत काय भर पडते. माझं उत्तर: 'किती' आणि 'किती वेळात' हे दोन प्रश्न. तुम्ही लॅक ओपेरॉन शिकवता तेव्हा सांगता की लॅक्टोज आला, जीन बंद ठेवणारा रिप्रेसर सुटला, जीन चालू झाला. किती वेळात झाला? तो वेळ कशावर ठरतो? मी हे आमच्या केमिस्टसाहेबांना विचारलं (ते एमएस्सी मायक्रो आहेत). ते म्हणाले, 'प्रमोटर स्ट्राँग असेल तर लवकर.' (प्रमोटर म्हणजे जीनपुढचा डीएनएचा तुकडा, जीन किती जोरात चालेल ते ठरवणारा.) ऐकायला पटतं. पण ते चूक आहे, आणि का चूक आहे ते पहिल्या एक-दोन लेक्चरमध्येच येतं.

तुम्ही ज्याला घाबरून पुस्तक मिटवलंत ते समीकरण बहुधा हेच असणार. पेशीतल्या एका प्रोटीनची संख्या दर मिनिटाला किती बदलते? जेवढं तयार होतं त्यातून जेवढं कमी होतं ते वजा. तयार होण्याचा दर ठरावीक धरा. कमी होण्याचा दर मात्र आत्ता जेवढं आहे त्याच्या प्रमाणात. टाकीत नळ एकाच धारेने चालू आहे आणि तळाला भोक आहे, पाणी जितकं वर चढेल तितक्या जोरात भोकातून जाईल, तसं. संपलं. सुरुवातीच्या कोर्सचं अर्धं गणित हे एवढंच आहे, पुढे त्याच्यावरच टोप्या चढवत जातात.

आता ते सोडवायला कॅल्क्युलस लागत नाही, एक्सेल लागतं. ई. कोलाय दर ३० मिनिटांनी दुप्पट होतोय असं धरा. प्रोटीन टिकाऊ आहे, तुटत नाही, पण पेशी वाढते-विभागते म्हणून विरळ होत जातं. तो विरळ होण्याचा दर निघतो ०.६९३ (२ चा नॅचरल लॉग, दुपटीच्या हिशेबात येतो) भागिले ३०, म्हणजे मिनिटाला ०.०२३१. तयार होण्याचा दर घ्या मिनिटाला १०० रेणू. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात रेणूंची संख्या, सुरुवात शून्यापासून. पुढची ओळ = मागची संख्या + १०० − (०.०२३१ × मागची संख्या). खाली ओढत जा. आकडा ४,३०० च्या जरा वर जाऊन स्थिरावतो आणि त्याच्या निम्म्यावर साधारण ३० व्या मिनिटाला पोहोचतो.

मग १०० च्या जागी २०० टाका. प्रमोटर दुप्पट स्ट्राँग. स्थिर आकडा दुप्पट झाला, ८,६०० च्या वर गेला. आणि निम्म्यावर कधी पोहोचला? पुन्हा ३० व्या मिनिटालाच!

माझ्यासाठी तरी पूर्ण कोर्सची किंमत इथे वसूल झाली. टिकाऊ प्रोटीन असेल तर त्याच्या स्थिर पातळीच्या निम्म्यापर्यंत पोहोचायला पेशीची एक पिढी लागते. नळ कितीही मोठा करा, तो वेळ भोकच ठरवतं. आमच्या भाषेत याला टाइम कॉन्स्टंट म्हणतात आणि डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला तो असतो. माझ्या टाइम कॉन्स्टंटचा जीवाणूशी काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि तुमच्या बाजूच्या लोकांनाही कुणी सांगितलेलं नसतं.

मग पेशीला घाई असेल तर ती काय करते? इथे फीडबॅक येतो. एक्सेलमध्येच बघा: तयार होण्याचा दर ५०० करा, पण अट घाला की संख्या ४,३०० च्या वर गेली की दर शून्य. म्हणजे प्रोटीन स्वतःचाच जीन बंद करतं. स्थिर आकडा जवळजवळ तोच राहतो, पण २,१५० चा टप्पा पाच मिनिटांच्या आत पार होतो. खऱ्या पेशीत अशी कडक अट नसते, उतार असतो, त्यामुळे एवढा फायदा मिळत नाही. पण २००२ साली रोझेनफेल्ड, एलोविट्झ आणि ॲलन यांनी ई. कोलायमध्ये असा स्वतःला आवरणारा जीन बांधून मोजलं, तेव्हा तो वेळ एका पेशीचक्राच्या सुमारे एक-पंचमांशावर आला. ई. कोलायच्या माहीत असलेल्या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरपैकी (जीन चालू-बंद करणारी प्रोटीन) ४० टक्क्यांहून जास्त असे स्वतःला आवरतात. आमच्या प्लांटमध्ये व्हॉल्व्ह आधी सताड उघडायचा आणि सेटपॉइंटच्या (हव्या असलेल्या आकड्याच्या) जवळ आलं की आवळायचा, हे कुठलाही जुना ऑपरेटर शिकवल्याशिवाय करतो.

काका, यात रंगीत गोळे कुठे दिसले?

---

पेट्रीडिश

सेटपॉइंट, एक्सेल उघडून केलं. दोनदा तपासलं, कारण मलाही केमिस्टसाहेबांसारखंच वाटत होतं! गेली कित्येक वर्षं मी 'स्ट्राँग प्रमोटर म्हणजे फास्ट एक्स्प्रेशन' असं डिक्टेट केलेलं आहे.

पण मग रोबस्टनेस म्हणजे काय? व्याख्या मिळाली: बाह्य व अंतर्गत बदलांना तोंड देऊन कार्य टिकवण्याची क्षमता. ही तर होमिओस्टॅसिसचीच व्याख्या झाली. आणि एनपीटेलचं प्रमाणपत्र, परीक्षा वगैरेचं काय असतं? मला भीती आहे ती कोडिंगची.

---

सेटपॉइंट

रोबस्टनेसवर मी थोडा लांबण लावणार आहे. हा भाग माझ्या धंद्याचा आहे.

आमच्याकडे फर्मेंटर थंड ठेवावा लागतो, यीस्ट साखर खातं तेव्हा उष्णता सोडतं. तापमान वाढलं की कूलिंग वॉटरचा व्हॉल्व्ह उघडायचा. नुसता 'जेवढी चूक तेवढा व्हॉल्व्ह' असा कंट्रोल ठेवला तर तापमान कधीच नेमकं सेटपॉइंटवर येत नाही, थोडं वर लटकून राहतं. त्याला ऑफसेट म्हणतात. ऑफसेट घालवायला कंट्रोलरमध्ये 'आय' म्हणजे इंटिग्रल लागतो. तो आजवरच्या सगळ्या चुका साठवत जातो आणि चूक पूर्ण शून्य होईपर्यंत व्हॉल्व्ह हलवत राहतो. फार आवळला तर लूप हंटिंग करायला (वर-खाली हेलकावे खायला) लागतो, मग रात्रीच्या शिफ्टचा फोन येतो. ते असो.

आता ई. कोलायचं पोहणं. हे तुम्ही शिकवत असणारच: सरळ धाव साधारण एक सेकंद, मग गटांगळी एक-दशांश सेकंद, मग नवी दिशा. हॉवर्ड बर्गने १९७२ साली एका-एका जीवाणूचा माग ठेवणारा सूक्ष्मदर्शक बांधून हे मोजलं. आजूबाजूला अस्पार्टेट (जीवाणूला आवडणारं अमिनो आम्ल) एकदम वाढवलं की गटांगळ्या कमी होतात, आणि काही मिनिटांत त्या पुन्हा पूर्वीइतक्याच होतात, अस्पार्टेट अजून तिथेच असताना. 'साधारण पूर्वीइतक्या' नव्हे, नेमक्या पूर्वीइतक्या. ऑफसेट शून्य!

तुम्ही कंट्रोलवाले असाल तर हे वाचून ताडकन उठून बसता, कारण ऑफसेट शून्य म्हणजे आत कुठेतरी 'आय' बसलेला असणार. तो कुठे आहे ते १९९७ साली बार्काई आणि लायब्लर यांनी मॉडेल करून दाखवलं. रिसेप्टरवर (बाहेरचं रसायन ओळखणारं पेशीवरचं प्रोटीन) मिथाइल गट चढवणारं एन्झाइम चे-आर एकाच ठरावीक वेगाने चालतं. ते उतरवणारं चे-बी फक्त चालू अवस्थेतल्या रिसेप्टरवर काम करतं. म्हणून चढ-उताराचा हिशेब तेव्हाच जुळतो जेव्हा चालू रिसेप्टर एका ठरावीक पातळीवर असतात. अस्पार्टेट किती आहे याला त्या हिशेबात जागाच नाही. मिथाइल गटांची संख्या म्हणजे आजवरच्या चुकांची साठवण. २००० साली कंट्रोलवाल्यांनी (त्यात डॉइल होते, आमच्या शाखेतलं मोठं नाव) हा सरळ इंटिग्रल फीडबॅकच आहे हे लिहून दाखवलं.

आता रोबस्टनेस. १९९९ साली ॲलन आणि सहकाऱ्यांनी चे-आरचं प्रमाण नेहमीच्या निम्म्यापासून ५० पटीपर्यंत बदलून पाहिलं. जुळवून घ्यायला लागणारा वेळ बदलला. गटांगळ्यांची मूळ वारंवारता बदलली. पण बदलानंतर पुन्हा मूळ वारंवारतेवर नेमकं येणं, ते ढळलं नाही. होमिओस्टॅसिसच्या व्याख्येत हा भेद नाही. रोबस्टनेसमध्ये प्रश्न असा असतो की *कोणती* गोष्ट *कशाच्या* बदलाला दाद देत नाही, आणि कोणती देते. हे दोन्ही सांगितल्याशिवाय 'प्रणाली रोबस्ट आहे' हे वाक्य परीक्षेत अर्ध्या मार्काचंही धरू नका. (अवांतर: आमच्या एका नव्या इंजिनिअरने ट्रान्समीटर बदलल्यावर 'लूप रोबस्ट आहे' म्हणून शेरा मारला होता. कशाला रोबस्ट, विचारल्यावर चहा प्यायला गेला.)

कोर्सबद्दल. एनपीटेलची सत्रं जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. नाव नोंदवणं फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचे पैसे भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. दर आठवड्याला असाइनमेंट असते. मद्रासच्या कोर्सचा आवाका मोठा आहे, त्यात नेटवर्क, डायनॅमिक मॉडेल आणि मेटाबॉलिझमची मॉडेल असं तिन्ही येतं. खरं सांगायचं तर बारा आठवड्यांना 'छोटा' म्हणणं जिवावर येतं. तुमच्या जागी मी असतो तर आधी एमआयटीच्या व्हिडिओंचा पहिला अर्धा भाग पाहिला असता. शिकवणारे भौतिकशास्त्राचे आहेत, पण सुरुवात एका जीनपासून करतात: मायकेलिस-मेंटेन, स्वतःला आवरणारा जीन, टॉगल स्विच, आंदोलनं, मग नेटवर्क. उत्तरार्धात ते उत्क्रांती आणि परिसंस्थेकडे वळतात, तो तुमच्या तीस तासिकांत बसणार नाही. सबटायटल लावा, त्यांचा वेग बराच आहे. कोर्सेरावर न्यूयॉर्कच्या माउंट सायनायचाही आहे. मी तो वरवर पाहिला, औषधं आणि पेशीतले सिग्नल यांच्याकडे त्याचा कल जास्त वाटला.

कोडिंगची भीती सोडा. कोपासी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात रासायनिक अभिक्रिया जशा वहीत लिहितो तशाच लिहायच्या, समीकरणं ते स्वतः बनवतं आणि आलेख काढून देतं. बायोमॉडेल्स या संग्रहातून छापून आलेल्या शोधनिबंधांची तयार मॉडेल उतरवून त्यात उघडता येतात.

---

कापूसकोंड्या

इतका वेळ नुसता वाचत होतो. मी याच विषयात पीएचडी करतोय, म्हणून दोन विटा माझ्याही.

सेटपॉइंट यांनी जे सांगितलं ती या विषयाची अर्धी बाजू, माझ्या मते गोड बाजू. दुसरी बाजू ओमिक्सवाल्यांची, म्हणजे पेशीतले सगळे जीन, सगळी प्रोटीन एकदम मोजणाऱ्यांची. तिकडे हजारो जीन, हजारो रेषा, आणि सगळ्याचं मिळून एक केसांचा गुंता दिसणारं चित्र. सायटोस्केप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये असं चित्र दहा मिनिटांत निघतं आणि त्यातून काहीही कळत नाही. विद्यार्थ्यांना ते पहिल्या दिवशी दाखवू नका, प्रोजेक्टमध्ये तेच काढून आणतील.

मोठ्या नेटवर्कमधून अर्थ काढायची एक पद्धत मात्र जरूर शिकवा, फ्लक्स बॅलन्स. त्यात एन्झाइमचे वेग माहीत असावे लागत नाहीत. कुठल्या अभिक्रियेत किती रेणू जातात आणि किती येतात एवढाच जमाखर्च मांडायचा, आत साठा होत नाही असं धरायचं, आणि पेशी जास्तीत जास्त वाढायला बघते असं मानून हिशेब सोडवायचा. २००२ साली इबारा, एडवर्ड्स आणि पाल्सन यांनी ई. कोलाय ग्लिसरॉलवर वाढवून पाहिला. सुरुवातीला तो मॉडेलच्या अंदाजापेक्षा बराच हळू वाढत होता. तसाच नव्या माध्यमात टाकत टाकत सुमारे ४० दिवस, ७०० पिढ्या ठेवला, तर वाढीचा वेग मॉडेलने सांगितलेल्या कमाल आकड्यावर जाऊन थांबला. मॉडेल चुकलं असं आधी वाटलं असतं, खरं तर जीवाणूचीच तयारी कमी होती.

सेटपॉइंट यांच्या एक्सेलमध्ये एक गोष्ट नाही: नशीब. एकाच फ्लास्कमधल्या, एकाच जीनोमच्या दोन पेशी सारख्या वागत नाहीत. एलोविट्झ आणि लायब्लर यांनी २००० साली तीन रिप्रेसर एकमेकांच्या मागे लावून जीवाणूत आंदोलन घडवलं. लॅक-आय टेट-आरला दाबतो, टेट-आर लॅम्डा फाजच्या सी-वनला, आणि सी-वन पुन्हा लॅक-आयला. एक आवर्तन साधारण अडीच तासांचं, म्हणजे पेशी विभागायला लागणाऱ्या वेळापेक्षा लांब. पण हे सगळ्या पेशींत दिसलं नाही, सुमारे ४० टक्क्यांतच. बाकीच्यांचं गणित विस्कटलं. तो निबंध वाचायला सोपा आहे, एमएस्सीच्या सेमिनारला द्यायला उत्तम.

आता मूळ मुद्दा. ताई, तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी सेटपॉइंटकडे नाही आणि बहुतेक कोर्समध्येही नाही: इनक्युबेटर, कलरिमीटर आणि हात. तीस तासिकांतल्या पाच-सहा प्रयोगशाळेत घ्या.

ई. कोलायचा साधा लॅक-पॉझिटिव्ह स्ट्रेन ग्लिसरॉल असलेल्या मिनिमल माध्यमात आयपीटीजी (लॅक जीन चालू करणारं रसायन) टाकून वाढवा, म्हणजे बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे लॅक्टोज तोडणारं एन्झाइम भरपूर तयार होईल. मग सेंट्रिफ्यूज करून, धुऊन, आयपीटीजी नसलेल्या ताज्या माध्यमात टाका. दर वीस-तीस मिनिटांनी दोन गोष्टी मोजा: ओडी (कल्चरचा गढूळपणा, त्यावरून पेशी किती ते कळतं), आणि ओएनपीजीचा पिवळा रंग (हे एन्झाइम ओएनपीजी तोडतं तेव्हा येणारा). एक मिलीलिटर कल्चरमधलं एकूण एन्झाइम जवळजवळ तेवढंच राहतं, कारण ते टिकाऊ आहे आणि नवीन बनत नाही. पण त्याला ओडीने भागलं की दर पेशीमागचं एन्झाइम प्रत्येक पिढीला निम्मं होताना दिसतं. सेटपॉइंटच्या टाकीचं भोक विद्यार्थी स्वतःच्या हाताने मोजतील. मग त्याच दिवशी एक्सेल उघडा.

---

उंटावरचा

ओएनपीजीचा प्रयोग आम्ही करत होतो हो, पण ओडीने भागून पिढ्यांशी कधी ताडून पाहिलं नाही. ठीक आहे, हे चांगलं आहे.

माझा आक्षेप मात्र कायम. लॅक ओपेरॉनचं 'एक तर पूर्ण चालू नाही तर पूर्ण बंद' हे वागणं नोविक आणि वाइनर यांनी १९५७ सालीच दाखवलं. तेव्हा जाकोब आणि मोनो यांचं ओपेरॉनचं मॉडेलही यायचं होतं, ते १९६१ चं. मोनोने ग्लुकोज-लॅक्टोजची दोन टप्प्यांची वाढ त्याच्याही वीस वर्षं आधी मोजली. या लोकांना फुकट सॉफ्टवेअर नव्हतं. म्हणजे नवीन काय आहे?

---

सेटपॉइंट

काका, नवीन फार काही नाही असंच मी म्हणेन, आणि म्हणूनच ताईंना झेपेल. मोनोची वाढीची वक्ररेषा हे संख्येत विचार करण्याचंच काम आहे. मधल्या काळात पाठ्यपुस्तकांनी त्यातले आकडे काढून टाकले आणि बाण तेवढे ठेवले. तुमच्या पिढीने ते फळ्यावर टिकवलं असेल, आमच्या केमिस्टसाहेबांपर्यंत पोहोचलं नाही. चांगला प्राथमिक कोर्स ते आकडे परत बसवतो. ज्या कोर्सच्या पहिल्या दोन आठवड्यांत एकही वक्ररेषा स्वतः काढावी लागत नाही, नुसती 'समग्र दृष्टिकोन' वगैरे भाषा असते, तो खुशाल सोडावा. असेही कोर्स पुष्कळ आहेत. एकात मीही पैसे भरून बसलो होतो, पण नाव घेत नाही.

नोविक-वाइनरचं उदाहरण दिलंत ते बरं केलंत. ताई, तुमच्या वर्गाला याच्याइतकं जवळचं काही नाही. इंड्यूसरच्या (जीन चालू करणाऱ्या पदार्थाच्या) मधल्या प्रमाणात कल्चरची सरासरी 'अर्धी चालू' दिसते, प्रत्यक्षात काही पेशी पूर्ण चालू असतात आणि काही पूर्ण बंद. कारण पर्मीएज (इंड्यूसर आत आणणारं प्रोटीन) बनलं की आणखी इंड्यूसर आत येतो आणि आणखी पर्मीएज बनतं. टीएमजी वापरलं होतं त्यांनी, म्हणजे असा इंड्यूसर जो पेशी खात नाही. लॅक्टोज वापरला असता तर तो खाल्ला जाऊन हिशेब बिघडला असता. हे झोपेत शिकवणाऱ्या बाईंना फक्त एक आलेख जोडायचा आहे: आडव्या अक्षावर आतला इंड्यूसर, उभ्या अक्षावर दोन रेषा, आत येण्याचा वेग आणि कमी होण्याचा वेग. येण्याची रेषा एस आकाराची, कमी होण्याची सरळ. त्या तीन ठिकाणी छेदतात. खालचा आणि वरचा बिंदू टिकतो, मधला टिकत नाही. हे गणित नाही म्हटलं तरी चालेल, पट्टी आणि पेन्सिलचं काम आहे.

---

पेट्रीडिश

सगळ्यांचे आभार, काकांचेसुद्धा. (काका, तुमच्या मायकेलिस-मेंटेनच्या जुन्या नोट्स असतील तर मला हव्या आहेत. चेष्टा नाही.)

ठरलं ते असं. एमआयटीचे पहिले व्हिडिओ आत्ता, रोज रात्री मुलगा अभ्यासाला बसतो तेव्हा मीही वही घेऊन बसणार. मद्रासचा कोर्स जुलैत, दहावीचा निकाल लागल्यावर. एन्झाइम विरळ होण्याचा प्रयोग पहिल्याच आठवड्यात. तीन छेदबिंदूंचा आलेख काल रात्री पट्टीने काढला, मधला बिंदू का टिकत नाही ते जरा उजवीकडे-डावीकडे सरकवून बघितल्यावर कळलं. येण्याचा वेग जास्त असेल तर वर पळतो, कमी असेल तर खाली.

कापूसकोंड्या, एकच शंका. आमचा कलरिमीटर फिल्टरवाला आहे, ओएनपीजीसाठी ४२० चा फिल्टर त्यात आहे, पण ओडीसाठी ६०० चा नाही, ६२० चा आहे. चालेल का? आणि मिनिमल माध्यमात आमचा स्ट्रेन फार हळू वाढतो, दिवसभरात दोन-तीन पिढ्याच मिळतील.

---

कापूसकोंड्या

६२० बिनधास्त चालेल. तुम्हाला गुणोत्तरच बघायचं आहे, फिल्टर सगळ्या मोजण्यांत एकच ठेवा म्हणजे झालं. पण घट्ट कल्चर तसंच मोजू नका. ओडी ०.४-०.५ च्या वर गेला की पातळ करून मोजा आणि गुणून घ्या, नाहीतर वाढ खोटीच मंद दिसेल. पिवळ्या रंगात पेशींच्या गढूळपणाचा वाटाही येतो, तो वजा करा किंवा पेशी खाली बसवून वरचं द्रावण मोजा.

पिढ्या वाढवायच्या तर माध्यमात थोडं कॅसअमिनो ॲसिड घाला, वाढ वेगवान होते. ग्लुकोज मात्र आयपीटीजीच्या टप्प्यात अजिबात नको, लॅक दबून एन्झाइमच कमी बनेल आणि शेवटची रीडिंग रंगाविना जातील. दोन-तीन पिढ्या मिळाल्या तरी पुरे: १००, ५०, २५, साडेबारा असे चार बिंदू आले की सेमी-लॉग कागदावर सरळ रेषा बसते. कागद कॉलेजच्या स्टोअरमध्ये असेलच, वाढीच्या वक्ररेषेसाठी आणलेला.